दम लागतो तेव्हा नेमकं काय आवळतं? भावना, ताठरलेलं शरीर आणि दमा

दमा असलेल्या माणसाला ताणाच्या प्रसंगी दम लागला की भोवतीच्या माणसांत दोन तट पडतात. एक म्हणतात, "काही नाही, टेन्शन घेतलंय, शांत बस." दुसरे काही न विचारता पंप हातात देतात. दोघांचंही थोडंथोडं बरोबर असतं. पण पहिला सल्ला चुकला तर जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो: भावनेमुळे आलेला दम्याचा झटका हा खराच झटका असतो. श्वासनळ्या खरोखर अरुंद होतात, आणि उपकरणाने ते मोजता येतं.

तरीही दुसरी बाजू आहे. घाबरलेल्या, आवळलेल्या शरीरात श्वासनळ्या उघड्या असतानाही भयंकर दम लागू शकतो. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखंच दिसतं आणि आतूनही सारखंच वाटतं, पण उपाय वेगळे असतात. बहुतेक वेळा दोन्ही एकत्रच येतात, आणि खरी पंचाईत तिथे होते.

आधी श्वासनळीचं पाहू. श्वासनळ्यांच्या भिंतीत गोलाकार स्नायू असतात आणि ते आपल्या इच्छेने हलत नाहीत. त्यांना आवळण्याचा निरोप मेंदूकडून व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत येतो. या तंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन सुटतं आणि स्नायू आकसतो. सैल करण्याचं मुख्य काम अ‍ॅड्रेनलिन करतं. मात्र माणसाच्या श्वासनळीच्या स्नायूंपर्यंत ते थेट पोहोचवणारे मज्जातंतू जवळजवळ नसतातच, ते रक्तातून यावं लागतं. म्हणजे आवळण्यासाठी थेट तार आहे आणि सोडण्यासाठी टपाल. "भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, मग श्वासनळ्या उघडायला हव्यात ना?" हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पळून जाण्याच्या किंवा झुंजण्याच्या भीतीत ते काही अंशी होतंही. पण भावनेच्या प्रत्येक प्रसंगी अ‍ॅड्रेनलिनची लाट येत नाही. हतबलता, दाबून ठेवलेलं रडणं, काहीच करता येत नाही अशी घुसमट, रक्त किंवा जखम पाहून होणारी कसनुशी अवस्था, अशा वेळी व्हेगसचा जोर वरचढ ठरू शकतो.

निरोगी माणसात हा आकस इतका किरकोळ असतो की कळतही नाही. दम्यात श्वासनळीचं अस्तर आधीच सुजलेलं असतं, आत चिकट कफ असतो आणि स्नायू जरुरीपेक्षा जास्त चपळ झालेला असतो. त्यात गणितही विरोधात जातं. हवा संथ वाहत असेल तर नळीचा व्यास निम्मा झाल्यावर हवेला होणारा विरोध दुप्पट किंवा चौपट होत नाही, सोळापट होतो. सूज आटोक्यात असलेल्या माणसाला भांडण झाल्यावर जेमतेम खोकला येतो आणि सूज वाढलेल्या माणसाला त्याच भांडणानंतर पंप लागतो, ते यामुळे.

मनाचा हात श्वासनळीपर्यंत पोहोचतो हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. १८८६ साली जॉन नोलंड मॅकेन्झी या अमेरिकन डॉक्टरांनी गुलाबाचा त्रास होणाऱ्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. समोर कृत्रिम गुलाब धरल्यावरही तिला त्रास सुरू झाला होता. १९६८ साली लुपारेल्लो आणि सहकाऱ्यांनी ४० दमेकऱ्यांना साधी मिठाच्या पाण्याची वाफ हुंगायला दिली, पण सांगितलं की यात तुम्हाला चालत नाही तोच पदार्थ आहे. १९ जणांच्या श्वासमार्गातला विरोध मोजण्याइतका वाढला आणि त्यांतल्या १२ जणांना पुरता झटका आला. मग तेच मिठाचं पाणी "औषध" म्हणून दिल्यावर झटका ओसरला.

हा प्रयोग "दमा मनाचा असतो" हे पटवायला सर्रास वापरला जातो, आणि मला ते अजिबात मान्य नाही. ४० पैकी २१ जणांना काहीच झालं नाही, हे सांगायला लोक विसरतात. ज्यांना झालं त्यांच्या नळ्या यंत्रावर अरुंद दिसल्या, म्हणजे कुणी नाटक करत नव्हतं. प्रयोगातून निघतं ते एवढंच की काही दमेकऱ्यांच्या बाबतीत अपेक्षा आणि भीती हेसुद्धा धूळ, धूर किंवा थंड हवेसारखेच झटका आणणारे घटक असतात.

दीर्घकाळचा ताण आणखी वेगळ्या वाटेने येतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सौम्य दमा असलेल्या विद्यार्थ्यांना अ‍ॅलर्जीचा पदार्थ एकदा निवांत काळात आणि एकदा परीक्षेच्या दिवसांत दिला. परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या कफात इओसिनोफिल, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या सुजेतल्या पेशी, जास्त सापडल्या. पदार्थ तोच होता, सूज मात्र जास्त आली. याशिवाय ताणाच्या काळात झोप मोडते आणि सूज कमी करणारा रोजचा पंप घ्यायचा राहतो, ते वेगळंच.

आता शरीराच्या आवळण्याकडे येऊ. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे.

ताणात असलेल्या माणसाकडे नीट पाहा. जबडा मिटलेला, दातावर दात. जीभ टाळूला चिकटलेली. खांदे कानांच्या दिशेने बोटभर वर चढलेले. मानेच्या दोन्ही बाजूंचे दोरीसारखे स्नायू प्रत्येक श्वासाबरोबर उठून दिसतात. पोट आत ओढून घट्ट धरलेलं. श्वासाचं मुख्य काम श्वासपटलाचं. फुफ्फुसांखालचा हा घुमटासारखा स्नायू खाली सरकतो तेव्हा पोट पुढे येतं आणि फुफ्फुसात हवा शिरते. पोट घट्ट धरलं की श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही. मग ते काम मान, खांदे आणि वरच्या बरगड्या करू लागतात. हे स्नायू अडीअडचणीला मदत करण्यासाठी आहेत, दिवसभर राबण्यासाठी नाहीत. ते दुखतात, थकतात, आणि त्या थकव्यालाच माणूस "छाती आवळली" म्हणतो.

त्यात दम्याची भर पडली की काय होतं? अरुंद नळ्यांतून हवा आत कशीबशी शिरते, कारण श्वास घेताना छाती फुलते आणि नळ्याही थोड्या ताणून रुंदावतात. बाहेर सोडताना त्या पुन्हा अरुंद होतात, म्हणून उच्छ्वासाला जास्त वेळ लागतो. घाबरलेला माणूस नेमका तो वेळ देत नाही. आधीची हवा पुरती बाहेर पडण्याआधीच तो पुढचा श्वास ओढतो. प्रत्येक श्वासागणिक थोडी हवा आत अडकत जाते, छाती फुगलेल्या अवस्थेत राहते, श्वासपटल चपटं होतं आणि चपट्या झालेल्या स्नायूत जोर राहत नाही. माणसाला वाटतं, "हवा आत जातच नाहीये." प्रत्यक्षात जागाच भरलेली असते. म्हणून झटक्यात असलेल्या माणसाला "खोल श्वास घे, खोल श्वास घे" असं सांगणं चुकीचं आहे. त्याला सांगायचं, "सोड. हळू सोड. अजून थोडा सोड."

नळ्या उघड्या असताना नुसताच भराभर श्वास चालला तर गोष्ट वेगळी. विश्रांतीत प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतात. घबराटीत ते ३० पर्यंतही जातात किंवा संख्या तेवढीच राहून प्रत्येक श्वास मोठा होतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली उतरतो. मग ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छातीत धडधडतं, सारखे उसासे आणि जांभया येतात, आणि पोटभर श्वास मिळाला असं काही केल्या वाटत नाही. ऑक्सिजन भरपूर असतो, तरी हवेची हाव शमत नाही. त्यात श्वास तोंडाने चालला असेल तर नाकात गरम आणि ओलसर होणारी हवा थंड आणि कोरडी तशीच खाली जाते, आणि कोरड्या हवेनेच नळ्या आकसतात. घबराटीचा दम बघता बघता दम्याचा होतो तो असा.

हसण्याचं आणि रडण्याचं कोडंही इथेच सुटतं. खदखदून हसणं आणि हुंदके देऊन रडणं, दोन्हींत तोंडाने, तुटक आणि वेगाने हवा ये-जा करते. आनंदाचा प्रसंग असूनही दम का लागला, याचं नवल वाटायला नको. मात्र हसल्यावर वारंवार खोकल्याची उबळ किंवा घरघर सुरू होत असेल तर हसणं कमी करू नका, डॉक्टरांकडे जा. दमा पुरता आटोक्यात नाही याचा तो इशारा असतो.

मग दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? वाटण्यावर विसंबून ओळखता येत नाही. २०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासात दमेकऱ्यांना आळीपाळीने खरा सालब्युटामॉलचा (झटक्यात नळ्या उघडणाऱ्या औषधाचा) पंप, औषध नसलेला पंप, खोटं अ‍ॅक्युपंक्चर, आणि कधी काहीच नाही, असं दिलं. फुंकरीच्या मोजमापात खऱ्या पंपाने सुमारे २० टक्के सुधारणा झाली, बाकीच्यांनी सुमारे ७ टक्के. पण "किती बरं वाटलं" असं विचारल्यावर खरा पंप, खोटा पंप आणि खोटं अ‍ॅक्युपंक्चर यांची उत्तरं जवळजवळ सारखी आली. बरं वाटणं आणि नळ्या उघडणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा स्पष्ट काय असणार? याची उलटी बाजू जास्त धोक्याची. जिवावर बेतलेल्या झटक्यातून वाचलेल्या काही रुग्णांमध्ये नळ्या बऱ्याच आवळल्या तरी दम लागल्याची जाणीवच बोथट असते. अशा माणसाला "शांत आहे, म्हणजे बरा आहे" समजणं फार महागात पडतं.

म्हणून पीक फ्लो मीटर घरात हवा. फुंकेचा जोर मोजणारी, हातात मावणारी नळी, त्यावर आकड्यांची पट्टी आणि सरकणारा काटा. काटा शून्यावर आणा. उभे राहा, आणि उभं राहणं जमत नसेल तर ताठ बसा, पण रोज एकाच पद्धतीने. मीटर आडवा धरा, बोटं काट्याच्या वाटेत आणि मागच्या भोकावर येऊ देऊ नका. छाती भरून श्वास घ्या, ओठ तोंडणीभोवती घट्ट मिटा, जीभ खाली ठेवा आणि एकाच झटक्यात जोरात फुंका. लांबवर फुंकत राहायचं नाही, पहिला जोरच मोजला जातो. तीनदा फुंका आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा लिहा, सरासरी काढू नका. जीभ भोकाशी आली किंवा मध्येच खोकला आला तर आकडा फसवा येतो, तो सोडून द्या. झटक्यात असताना पुन्हा पुन्हा फुंकत बसू नका, जोराच्या फुंकण्यानेही नळ्या चिडतात.

दमा आटोक्यात असताना दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ फुंकून आलेला सर्वोच्च आकडा हा तुमचा स्वतःचा उत्तम आकडा. इतर कुणाच्या आकड्याशी तुलना करू नका. त्याच्या ८० टक्क्यांवर असाल तर ठीक, ५० ते ८० च्या मध्ये सावध, ५० च्या खाली तातडीची वैद्यकीय मदत. उत्तम आकडा ४०० असेल तर ३२० आणि २०० या दोन खुणा मीटरवर रंगाने करून ठेवा. घाबरलेल्या क्षणी टक्केवारी काढत बसणं कुणालाच जमत नाही.

आता एक छोटी युक्ती. दम लागला की फुंकण्याआधी किती दम लागला आहे ते ० ते १० मध्ये लिहा, आणि मगच फुंका. आकडा पाहून वाटणं बदलतं, म्हणून क्रम उलटा करू नका. सोबत दोन शब्दांत प्रसंग लिहा: "भांडण", "जिना", "रात्री ३ वाजता", "धूर". दोन-तीन आठवड्यांत चित्र दिसू लागतं. वाटणं ८ आणि मीटर ९० टक्के असं वारंवार येत असेल तर श्वासाची घडी बिघडली असण्याची शक्यता जास्त. वाटणं २ आणि मीटर ६० टक्के असेल तर तुम्ही जाणीव बोथट असलेल्यांपैकी आहात. मग लक्षणांची वाट न पाहता मीटरवरच चालायचं. घाबरलेला माणूस अर्ध्या जोरानेही फुंकतो, त्यामुळे एकाच कमी आकड्यावरून "मीटर चुकला" किंवा "मी संपलो" असा निष्कर्ष नको. ठरलेला पंप घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा २० टक्के किंवा जास्त वर गेला तर नळ्या आवळल्या होत्या हे जवळजवळ नक्की.

तिसरी शक्यता घशाची. ताणात स्वरतंतू श्वास घेतानाच एकमेकांजवळ येतात. आवाज श्वास आत घेताना येतो आणि घशाशी येतो, तर दम्याची घरघर बहुधा श्वास सोडताना छातीत असते. अडथळा बोट ठेवून दाखवता येतो, गळ्याच्या मधोमध. अचानक सुरू होतो, अचानक थांबतो, आणि पंपाचा उपयोग होत नाही. अनेकांना हा त्रास आणि दमा दोन्ही असतात. तो घशात दुर्बीण घालून, त्रास होत असतानाच पाहावा लागतो. स्पीच थेरपिस्टकडून शिकलेल्या श्वासाच्या तंत्राने तो चांगला सुधारतो. निदान झालं नाही तर पंपाची मात्रा वाढत राहते आणि त्रास तिथेच राहतो.

प्रत्यक्ष झटक्यात काय करायचं? शंका असेल तर आधी पंप. भीतीचा दम असताना पंप घेतला तर थोडी थरथर होईल, पण दम्याचा असताना घेतला नाही तर जीव जाऊ शकतो. बसा, आडवे होऊ नका. थोडं पुढे झुकून कोपर मांड्यांवर किंवा टेबलावर टेका. हात टेकलेले असले की खांद्याचे स्नायू बरगड्या उचलायला मोकळे होतात. कंबर आणि गळा आवळणारं जे काही असेल ते सैल करा. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे झटक्याचा पंप घ्या, शक्य असेल तर स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून: पंप हलवा, एकच फवारा सोडा, चार संथ श्वास घ्या, मग पुढचा फवारा. दोन-तीन फवारे एकदम स्पेसरमध्ये भरले तर बरंचसं औषध स्पेसरच्या भिंतीवरच राहतं.

औषध काम करू लागेपर्यंतच्या मिनिटांत श्वास सांभाळायचा. नाकाने छोटा श्वास, मनात एक-दोन. मग ओठ शिट्टी वाजवल्यासारखे किंचित मिटून एक-दोन-तीन-चार मोजत सोडायचा. चारपर्यंत जमत नसेल तर तीन, पण घेण्यापेक्षा सोडणं लांब. अर्धवट मिटलेल्या ओठांमुळे आत थोडा दाब टिकतो आणि बारीक नळ्या लवकर मिटत नाहीत. जोर लावून हवा बाहेर ढकलू नका, जोराने त्याच नळ्या दाबल्या जातात. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर खांदे आणि जबडा खाली सोडा. श्वास रोखून धरण्याचा कुठलाही प्रकार या वेळी नको. जवळच्या माणसाने हो-नाहीत उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारावेत आणि स्वतः शेजारी बसून हळू श्वास सोडावा. घाबऱ्या आवाजातल्या दहा सूचनांपेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

एक वाक्य एका दमात पुरं करता येत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, ग्लानी येत असेल किंवा पंपाचा परिणाम तीन-चार तासही टिकत नसेल तर रुग्णवाहिका बोलवा. एक लक्षण फसवं आहे: जोरात चालणारी घरघर दम कायम असताना एकाएकी बंद होणं. तो आराम नव्हे, हवा जवळजवळ थांबल्याची ती खूण असू शकते.

तीन गोष्टी कटाक्षाने टाळा. कागदी पिशवीत श्वास घेणं ही जुनी युक्ती दमेकऱ्यासाठी घातक आहे, ऑक्सिजन आणखी घटतो. "मन शांत व्हावं" म्हणून झटक्यात झोपेची किंवा गुंगीची गोळी देऊ नका, श्वासाची प्रेरणाच मंदावते. आणि धडधड, स्टेजची भीती यांवर दिलं जाणारं प्रोप्रानोलॉल दम्यात धोकादायक आहे, कारण ज्या दारातून अ‍ॅड्रेनलिन आणि पंपाचं औषध काम करतं तेच ते बंद करतं. चिंतेवर औषध लिहून घेताना "मला दमा आहे" हे पहिलं वाक्य असू द्या.

पंपानंतर हात थरथरतात आणि छाती धडधडते, हा सालब्युटामॉलचा नेहमीचा परिणाम. पण हुबेहूब भीतीसारखा वाटतो म्हणून माणूस आणखी घाबरतो, श्वास वाढतो, आणि पुन्हा पंपाकडे हात जातो. हे आधी माहीत असलं तर साखळी तुटते. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा झटक्याचा पंप लागत असेल तर मूळ सूज कमी करणारा स्टिरॉइडचा पंप नीट घेतला जातोय का, पुरतोय का, हे तपासून घ्यायला हवं. नुसत्या झटक्याच्या पंपावर दमा सांभाळू नये, असं दम्याविषयी मार्गदर्शन करणारी जागतिक संस्था जीना २०१९ पासून सांगते आहे.

सराव करायचा तो बरं असताना. पाठीला आधार देऊन रेलून बसा, एक हात बेंबीवर आणि एक छातीवर. श्वास नाकाने, नेहमीपेक्षा थोडा लहानच. बेंबीवरचा हात उचलला जावा, छातीवरचा जवळजवळ स्थिर राहावा. दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. पहिल्या काही दिवसांत दोन चुका हमखास होतात. एक, पोट स्नायूंनी मुद्दाम फुगवणं, त्यात श्वासपटल हलतच नाही. दुसरी, मोठमोठे श्वास घेणं. चक्कर किंवा मुंग्या आल्या तर श्वास मोठा होतोय, लहान करा. सवय लागायला काही आठवडे जातात. झपाझप श्वास फेकण्याचे व्यायाम मात्र नळ्या चिडलेल्या असताना करू नका.

स्नायू सैल करण्यासाठी एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेली पद्धत चांगली आहे: एक एक स्नायूगट पाच सेकंद आवळायचा आणि वीस सेकंद सोडायचा. दमेकऱ्याने त्यात दोन बदल करावेत. आवळताना श्वास चालू ठेवायचा, आणि छाती-पोट आवळायचंच नाही. मुठी, दंड, खांदे, कपाळ, जबडा एवढं पुरे. खांद्यांपाशी थोडं जास्त थांबा, तिथला ताण बहुतेकांना सोडल्यावरच कळतो.

याचा उपयोग किती? ब्रिटनमध्ये ६५५ दमेकऱ्यांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत श्वास-प्रशिक्षण घेतलेल्यांचं रोजचं जगणं सुधारलं, आणि डीव्हीडी पाहून घरी शिकलेल्यांनाही समोरासमोर शिकलेल्यांइतकाच फायदा झाला. फुफ्फुसाच्या मोजमापात आणि सुजेत मात्र फरक पडला नाही. श्वासाच्या सरावाने बरं वाटू लागलं म्हणून स्टिरॉइडचा पंप स्वतःहून कमी करणाऱ्यांची मला फार काळजी वाटते. सरावाने श्वासाची घडी बसते, सूज औषधानेच उतरते.

डॉक्टरांकडे जाताना ती दोन आकड्यांची वही घेऊन जा. वाटणं आणि मीटर यांत मेळ नसलेल्या नोंदींवर खूण करा, पंप कसा घेता ते समोर करून दाखवा, आणि आवाज श्वास घेताना येतो की सोडताना, हे आठवत नसेल तर पुढच्या वेळी कुणाला तरी फोनवर चित्रित करायला सांगा. अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पुरते.